घरातल्या घरात : आभाळवेड्या मुलाला ओवाळणीत काय द्यावे?

दिवाळी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. चकल्या मऊ का पडतात, अनारसे तुपात का हसतात, ही विचारणा तर दरसालचीच. पण यंदा डोंबिवलीच्या एका भगिनीचे पत्र आले आणि चकल्या-अनारसे बाजूला ठेवून आधी त्याचेच उत्तर लिहायला बसले. त्या लिहितात :

‘माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. विमानाचा आवाज आला की भरल्या ताटावरून उठून गॅलरीत धावतो. वह्यांतून विमाने काढतो, अगदी गणिताच्या वहीतसुद्धा. भाऊबीजेला त्याला काही तरी मनाजोगते द्यावे असे वाटते. पण दुकानात एक तर कपाटात ठेवण्याची शोभेची विमाने, नाही तर ज्यांच्या किमती ऐकून हात आखडावा अशी. शिवाय हे म्हणतात, उगाच वेड वाढवू नकोस. वैमानिक करायचे म्हणजे लाखो रुपये लागतात, आपल्याला झेपणार आहे का? तुम्हीच सांगा, काय द्यावे? की काहीच देऊ नये?’

बाई, द्यावे. अवश्य द्यावे. पण काय द्यावे हे सांगण्याआधी, काय देऊ नये हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले, ती हकिकत सांगते.

चार वर्षांपूर्वी भावाच्या मुलासाठी मी बॅटरीवर उडणारे हेलिकॉप्टर नेले होते. किंमत इतकी, की घरी सांगताना मी तीनशे रुपये कमीच सांगितले. भाऊबीजेच्या सकाळी ते मोठ्या थाटात उडाले, दिवाणखान्यात दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीत चालू पंख्यावर जाऊन आदळले. भाचा थोडा वेळ रडला आणि फटाके उडवायला खाली पळाला. त्याची आठ वर्षांची बहीण मात्र तुकडे गोळा करून कोपऱ्यात बसली. पाते हातात धरून तिने मला विचारले, “आत्या, हे असं तिरकं का केलंय? सरळ असतं तर उडालं नसतं का?”

मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे तरी सांगायचे! पण मी म्हणाले, “अगं, आधी त्या फराळाच्या ताटल्या उचल बघू.”

ते वाक्य आठवले की अजून माझी मलाच लाज वाटते. विमानाचे वेड भावाला आहे असे आम्ही थोरामोठ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. बहिणीला कोणी विचारलेच नव्हते. आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर तर आमच्या डोक्यावर फिरत होते. पंख्याची पाती तिरकी असतात म्हणून हवा खाली ढकलली जाते आणि आपल्याला वारा लागतो. हवेला खाली ढकलले की ती उलट पात्याला वर ढकलते. पंखा छताला जखडलेला, म्हणून जागेवर राहतो. हेलिकॉप्टर मोकळे, म्हणून वर जाते. ज्या पंख्याने ते खेळणे मोडले, त्यानेच ते समजावूनही दिले असते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की ज्याच्याकडे नुसते पाहत बसायचे, किंवा बटण दाबले की जे आपले आपण सगळे करते, असे काही देऊ नका. हात गुंतेल, डोके चालेल आणि बिघडले तर घरीच दुरुस्त होईल, असे द्या. तसे स्वस्तही पडते.

राइट बंधूंच्या घरची गोष्ट

हा काही माझा एकटीचा शोध नव्हे. १८७८ सालच्या शरद ऋतूच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे दिवाळी येते त्याच सुमारास, अमेरिकेतले मिल्टन राइट नावाचे धर्मोपदेशक एका संध्याकाळी घरी आले. हातात काही तरी झाकून आणले होते. मुलांना ते नीट दिसायच्या आत त्यांनी ते वर भिरकावले. वस्तू खाली पडली नाही. भिरभिरत छताला जाऊन टेकली आणि थोडा वेळ तिथेच फडफडून मग उतरली. बूच, बांबूच्या काड्या, कागद आणि पीळ दिलेले रबर एवढ्यावर केलेले ते खेळणे होते. मूळ कल्पना आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाची.

मुलांपैकी विल्बर ११ वर्षांचा होता आणि ऑर्विल ७ वर्षांचा. नाजूक खेळणे ते, लवकरच मोडले. पण मुलांनी तसलेच दुसरे केले, मग त्याहून मोठे केले. मोठे केलेले मात्र उडेना. आकार वाढला की जोर किती तरी पटींनी जास्त लागतो, हे तेव्हा त्यांना कळले नव्हते. पंचवीस वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, याच दोघा भावांचे विमान जमिनीवरून उठले आणि १२ सेकंदांत १२० फूट गेले.

त्या खेळण्याचे सामान पुन्हा एकदा वाचा. बांबूच्या काड्या, पातळ कागद... आकाशकंदील करून उरलेल्या कामट्या आणि पतंगाचे ताव आज आपल्या घरोघर पडलेले आहेत. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या झाडलोटीत ते केरात टाकू नका.

१. विमानाच्या कारखान्याचा डबा

बुटांचे रिकामे खोके घ्या. त्यात उरलेल्या कामट्या, ताव, मूठभर रबरबँड, डिंक, पॉलिश कागदाचा तुकडा, बोथट टोकाची कात्री, मोजपट्टी आणि जुन्या लग्नपत्रिका घाला. लग्नपत्रिकेचा कागद विमानाच्या पंखाला फार छान. जाड, गुळगुळीत आणि फुकट.

पहिले विमान असे करावे. २५ सेंटिमीटरची सरळ कामटी घासून गुळगुळीत करा. हा विमानाचा कणा. पत्रिका उलगडून २४ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, हा पंख. पट्टी मधोमध किंचित दुमडून तिची दोन्ही टोके बोटभर वर उचललेली राहतील असे करा. त्यामुळे विमान एका कुशीवर कलले तरी आपोआप सावरते. पंखाची पुढची कड नाकापासून ७ सेंटिमीटरवर येईल अशा बेताने पंख कण्यावर चिकटवा. शेपटीला ९ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद आडवी पट्टी लावा आणि तिच्यावर तेवढ्याच रुंदीचा एक उभा चौकोन.

आता तुमची गरज लागेल, कारण विमानाच्या नाकाला थोडे वजन हवे आणि त्यासाठी कणकेसारखी वस्तू नाही. पोळ्यांच्या कणकेतला सुपारीएवढा गोळा द्या. पंखाच्या पुढच्या कडेपासून २ सेंटिमीटर मागे, खालून दोन बोटांवर विमान तोलून धरावे. शेपटी खाली गेली तर नाकाला कणीक वाढवावी, नाक खाली गेले तर काढावी. आडवे तुलले की उडवायला तयार.

सकाळी वारा पडलेला असताना मोकळ्या मैदानात, खांद्याच्या उंचीवरून, जोर न लावता नुसते पुढे सोडावे. नाक वर करून थबकले आणि धपकन पडले, तर चिमूटभर कणीक आणखी लावावी. सरळ जमिनीत घुसले, तर शेपटीच्या आडव्या पट्टीची मागची कड केसभर वर वळवावी. एका वेळी एकच फेरफार, हा नियम मात्र कडक पाळायला लावा. दोन फेरफार एकदम केले की कोणत्याने काय झाले ते कळत नाही. आपणही लाडू बिघडला म्हणून पाक आणि रवा दोन्ही एकदम बदलत नाही.

गच्चीवरून विमाने सोडू देऊ नका. विमानामागे मूल धावते आणि कठड्याचे भान राहत नाही.

२. आभाळाची वही

दुसरी भेट म्हणजे एक शंभरपानी वही आणि एक साधे होकायंत्र. वहीत आधीच रकाने आखून द्या : तारीख, वेळ, कोणत्या दिशेने आले, कोणत्या दिशेला गेले, इंजिने किती, पंख पोटाखालून निघतात की पाठीवरून, शेपटीचा रंग कोणता. मोठी जेट विमाने बहुधा पंख पोटाशी असलेली दिसतील. पाठीवर पंख आणि दोन बाजूंना गरगरणारे पंखे दिसले, तर ते बहुतेक एटीआर असेल. लहान शहरांकडे जाणारे. महिन्याभरात मूल नुसत्या आवाजावरून फरक सांगू लागते.

भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर इंग्रजीत ‘व्हीटी’ ही दोन अक्षरे आणि पुढे आणखी तीन अक्षरे असतात. गाडीच्या नंबरासारखा हा त्याचा नंबर. रेडिओवर अक्षरे ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून जगभरचे वैमानिक ती अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशा ठरलेल्या शब्दांनी उच्चारतात. ही यादी १९५६ सालापासून रूढ आहे. वहीच्या पहिल्या पानावर ती लिहून द्या. आठ दिवसांत सगळे घर आपली नावे या भाषेत सांगू लागेल.

आणि होकायंत्र कशाला? धावपट्टीवर मोठे आकडे रंगवलेले असतात, ते होकायंत्राचेच असतात. दिशेचे अंश घ्यायचे आणि शेवटचे शून्य गाळायचे. मुंबईच्या मोठ्या धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आहे आणि दुसऱ्या टोकाला २७. म्हणजे एकीकडून निघाले तर तोंड ९० अंशांना, पूर्वेकडे. दुसरीकडून निघाले तर २७० अंशांना, पश्चिमेकडे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे उतरते. मुंबईत समुद्रावरून पश्चिमेचा वारा वाहत असला की विमाने घाटकोपरच्या अंगाने येऊन उतरतात, ती यासाठी. एवढे कळल्यावर वाळत घातलेल्या धोतराकडे पाहूनसुद्धा मूल सांगेल, आज विमाने कोणत्या बाजूने येतील.

विमान कुठून कुठे चालले ते दाखविणाऱ्या सोयी हल्ली मोबाइलवर फुकट मिळतात. त्या जरूर वापराव्यात. पण आधी वहीत आपला अंदाज लिहायचा आणि मग मोबाइलमध्ये ताळा पाहायचा. अंदाज चुकण्यातच खरी मौज आहे. एक सावधगिरी मात्र हवी. पुण्याचा लोहगाव आणि गोव्याचा दाबोळी हे विमानतळ लष्करी आहेत. तिथे छायाचित्रे काढण्याच्या फंदात पडू नये. विमानतळाजवळ पतंग किंवा ड्रोन उडवणे तर धोक्याचेच.

३. पाकिटातली विमाने

तिकिटे जमविण्याचा छंद मागे पडला असे म्हणतात, पण विमानवेड्या मुलासाठी त्यात खजिना आहे. जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल आपल्याच देशात उडाले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके हा फ्रेंच वैमानिक अलाहाबादहून सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उतरला. अंतर अवघे सहा मैलांचे! त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९६१ साली, आपल्या टपालखात्याने तीन तिकिटे काढली. असली जुनी तिकिटे जमविणाऱ्यांकडे चौकशी करा. वापरलेल्या, लहान किमतीच्या तिकिटांना फार पैसे पडत नाहीत.

सोबत एक नकाशा आणि दोरा द्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते, असे सांगतात. मुलाला नकाशावर दोरा लावू द्या, मोजू द्या, मैल काढू द्या. भूगोलाच्या तासाला जे गळी उतरत नाही, ते इथे आपोआप उतरते.

आणि एक करा. परदेशी असलेल्या काका-मावशीला आजच कळवा, की यंदा नुसता मोबाइलवर दिव्यांचा फोटो नको. हवाई टपालाने खरे पाकीट पाठवा, मुलाच्या नावावर. आपल्या नावाचे पत्र विमानातून आले, ही भेट दहा-अकरा वर्षांच्या मुलाला लहान वाटत नाही.

४. उडणाऱ्या बियांची डबी

ही भेट अगदी बिनपैशाची; फक्त वर्षभर डोळे उघडे ठेवायला हवेत. शेवग्याची शेंग झाडावरच वाळू दिली, तर आत तीन-तीन पंखांच्या बिया मिळतात. कोकणात जाणे झाले तर उक्षीची फळे आणा. पाच पंखांचे हे फळ वरून सोडले की भिंगरीसारखे फिरत उतरते. वावळाच्या चकत्या कागदासारख्या तरंगतात. सावरीची म्हातारी तर सगळ्यांच्या ओळखीची. डबीत कापूस घालून एकेक बी मांडा, नाव लिहा, आणि कोणती किती सेकंदांत खाली येते ते मुलाला मोजू द्या. ही पोरखेळाची गोष्ट नव्हे. ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिश याने अग्नेय आशियातल्या एका वेलीचे तरंगते बी पाहूनच आपल्या ‘टाउबे’ विमानाच्या पंखांचा आकार ठरवला होता.

५. एक अख्खा दिवस

मुंबईकरांनी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जावे. तिथे ‘मरुत’ हे लढाऊ जेट विमान उभे आहे. भारतातच आराखडा आखून तयार झालेले ते पहिले लढाऊ जेट. त्याचे पहिले उड्डाण १९६१ साली झाले. सुट्टीत गोव्याला जाणार असाल तर मुलांचा एक दिवस समुद्रकिनाऱ्यावरून काढून बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयाला द्या. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या अंगणात ‘सी हॉक’, ‘आलिझे’ यांसारखी युद्धनौकेवरून उडालेली विमाने आहेत. चार पंख्यांचे, तीन शेपट्यांचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ही आहे. ते नौदलात येण्यापूर्वी एअर इंडियाकडे होते. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून निघावे, म्हणजे दारातून परतावे लागत नाही.

आता यजमानांच्या प्रश्नाविषयी

वैमानिकाच्या शिक्षणाला लाखो रुपये लागतात, हे खरे आहे. ते नाकारून मी तुम्हांला खोटा धीर देणार नाही. पण दहा वर्षांचे मूल आभाळाकडे पाहते तेव्हा ते फीची मागणी करीत नसते. शिवाय एक विमान उडते ते दोघा वैमानिकांच्या जोरावर नव्हे. ते दुरुस्त करणारे अभियंते आहेत, हवामान सांगणारे आहेत, मनोऱ्यात बसून विमानांना वाट देणारे नियंत्रक आहेत. हे नियंत्रक विमानतळ प्राधिकरण परीक्षा घेऊन निवडते आणि त्यासाठी गणित-पदार्थविज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी पुरते. म्हणजे गणिताच्या वहीत विमाने काढणाऱ्याला, त्या विमानांसाठीच गणित लागते, हे सांगण्याची सोय झाली. आणि यातले काहीच झाले नाही, मुलगा पुढे बँकेत लागला, तरी तोल साधणे, मोजणे आणि एका वेळी एकच चूक दुरुस्त करणे वाया थोडेच जाते?

घरात मुलगी असेल तर तिलाही विचारा, ही माझी दुसरी आणि कळकळीची विनंती. आपल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कलकत्त्याहून सिलचरला विमान नेले तेव्हा त्यांच्या विमानात वैमानिकांपासून सेवकवर्गापर्यंत सगळ्या स्त्रियाच होत्या. आज आपल्या देशात स्त्री-वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. त्या सगळ्यांना लहानपणी कोणी तरी ताटल्या उचलायला न लावता उत्तर दिले असेल.

माझ्या भाचीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. पुढच्या भाऊबीजेला मी तिच्यासाठी खोक्याचा कारखाना नेला आणि आधी पंख्याखाली उभे करून वर्षभर राहिलेले उत्तर दिले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ते मला कळलं होतं आत्या. मी कागदाचं करून बघितलं.” मग आम्ही दोघी मैदानात गेलो. पहिले विमान पायाशी पडले, दुसरे झुडपात गेले. सातवे मात्र संथपणे तरंगत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावरून पलीकडे उतरले आणि तिचा भाऊ बॅट टाकून ते आणायला धावला. तिने वहीत लिहिले : ‘सातवे. २३ पावले. कणीक थोडी जास्त झाली.’

तेव्हा डोंबिवलीच्या बाई, यंदा कंदील झाला की कामट्या जपून ठेवा, आणि भाऊबीजेच्या सकाळी कणीक मळताना एक मूठ पीठ जास्त घ्या. विमान कसे उडाले ते मात्र मला पत्राने कळवा, आणि पत्र मुलाकडूनच लिहवा.